पात्र

शेतकऱ्याने आत्महत्या केली की यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीच्या तहसील कचेरीत एक फाइल उघडते. तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा कागद, सातबारा, बँकेचे कर्जाचे पत्र एकामागून एक त्यात लागत जाते. फाइल जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते आणि शेवटी तिच्यावर एकच शब्द पडतो, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. जमीन मृताच्या नावावर नसून त्याच्या बापाच्या नावावर असेल, तर अनेकदा अपात्र. कर्ज बँकेचे नसून सावकाराचे असेल आणि सावकाराने कागद दिलेला नसेल, तरीही अपात्र. पात्र ठरलेल्या घराला २००६ च्या शासन निर्णयानुसार एक लाख रुपये मिळतात. त्यातले ३० हजार हातात येतात आणि ७० हजार ठेवीत जातात.

यवतमाळ जिल्ह्यात हा शब्द लहान मुलांनाही कळतो. ‘त्याह्यची केस पात्र झाली का?’ हा प्रश्न मयताच्या घरी भेटायला आलेला माणूसही विचारतो आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. पण मराठीत पात्र नाटकातही असते. गेल्या वीस वर्षांत या जिल्ह्यातल्या कास्तकाराच्या घरची बाई आधी कचेरीत पात्र ठरायला गेली आणि मग टीव्हीच्या पडद्यावर पात्र झाली. दुःखाच्या बातमीमागोमाग नामवंत मंडळी आली, त्यांनी मदत दिली, इतरांना द्यायला लावली, आणि घरोघर ते पाहणारे लोक कधी रडले, कधी पैसे पाठवून मोकळे झाले, कधी चिडले. त्या पडद्याची ही गोष्ट आहे.

तिची सुरुवात पडद्याबाहेर झाली. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ जीवन संपवले. ते गावचे माजी सरपंच होते, भजनात रमणारे होते. शेतकरी म्हणून जगणे कठीण झाले आहे, असे लिहून ते गेले. महाराष्ट्रातली ही पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. आता दरवर्षी १९ मार्चला राज्यभर अनेक जण अन्नत्याग करतात तो या घराच्या आठवणीत. तेव्हा मात्र बातमी वर्तमानपत्रांपुरती राहिली. घाटंजीत ज्या मोजक्या घरांत टीव्ही होता तिथे फक्त दूरदर्शन दिसे, आणि ‘रामायण’ मालिका यायला अजून दहा महिने होते.

त्याच सुमारास अमेरिकेत कर्जबाजारी शेतकऱ्यांचा प्रश्न पडद्यावर पोहोचला होता. इथिओपियातल्या दुष्काळासाठी १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फिया इथे ‘लाइव्ह एड’ ही मैफल झाली आणि जगभर दिसली. त्या मंचावर गायक बॉब डिलन यांनी आपल्या देशातल्या गहाण पडलेल्या शेतकऱ्यांचा विषय काढला. काहींना तो अस्थानी वाटला, पण गायक विली नेल्सन यांनी तो उचलला. २२ सप्टेंबर १९८५ रोजी इलिनॉयमध्ये ‘फार्म एड’ची पहिली मैफल झाली. साहेबरावांचे घर संपले ते त्यानंतर सहा महिन्यांनी. दोन्हीकडच्या शेतकऱ्याला कर्जानेच घेरले होते. फरक होता तो पाहणाऱ्यांचा.

आपल्याकडे पाहणारे येण्याआधी कापूस कोसळावा लागला. घाटंजी तालुका यवतमाळच्या दक्षिणेला, पांढरकवडा आणि आर्णी यांच्या मध्ये आहे. इथे कोलाम, गोंड, बंजारा आणि कुणबी राहतात. बहुतेक वावर कोरडवाहू, आणि त्यात पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने कास्तकाराला एक भरवसा दिला होता. भाव थोडा कमी-जास्त होई, चुकारा उशिरा मिळे, पण माल घ्यायला कुणीतरी असे. नव्या शतकाच्या सुरुवातीला ही योजना मोडीत निघाली. २००२ मध्ये बीटी बियाण्याला परवानगी मिळाली आणि पेरणीचा खर्च एकदम वाढला. पाऊस हुकला तर दुबार पेरणी आणि पुन्हा तोच खर्च. श्रीमंत देश आपल्या कापूस उत्पादकांना अनुदान देत होते, त्यामुळे जागतिक बाजारात रुई स्वस्त होती. अशात २००५ च्या हंगामात राज्य सरकारने क्विंटलमागचा ५०० रुपयांचा आगाऊ बोनस बंद केला. बँकेचे जुने कर्ज थकलेले, म्हणून नवे मिळेना. मग कृषी केंद्राची उधारी, आणि तीही संपली की सावकाराचे दार. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २००६ या एका वर्षात महाराष्ट्रात ४,४५३ शेतकऱ्यांनी आत्महत्या केली.

कॅमेरे आले ते या वर्षांत. त्याआधी पत्रकार पी. साईनाथ गावोगाव फिरून लिहीत होते. २००६ मध्ये मुंबईत फॅशन सप्ताह झाला आणि त्याच्या वार्तांकनासाठी ५१२ पत्रकारांची नोंद झाली. विदर्भात आत्महत्यांवर लिहायला बाहेरून आलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते. रॅम्पवर सुती कपडे मिरवले जात होते आणि विमानाने तासाभराच्या अंतरावर तो कापूस पिकवणारे मरत होते, ही विसंगती साईनाथ यांनी भाषणांतून वारंवार मांडली आणि ती देशभर पोहोचली. त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. २००८ च्या अर्थसंकल्पात देशव्यापी कर्जमाफी आली. तिच्यातली पूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला होती. कोरडवाहू सात-आठ एकरांचा इकडचा कास्तकार उत्पन्नाने गरीब आणि सातबाऱ्यावर मोठा. तो पुन्हा अपात्र ठरला.

२२ जुलै २००८ रोजी या जिल्ह्यातले एक नाव थेट प्रक्षेपणातून देशभर गेले. अणुकरारावरून लोकसभेत आलेल्या विश्वासदर्शक ठरावावर बोलताना राहुल गांधी यांनी मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या शेतकरी विधवा कलावती बांदूरकर यांचा उल्लेख केला. सभागृहात काही सदस्य हसले. ते हसू घरोघर दिसले आणि नाव लोकांच्या डोक्यात बसले. दुसऱ्या दिवसापासून जळक्याची वाट वाहिन्यांच्या गाड्यांनी भरली. पुढे सुलभ इंटरनॅशनल या संस्थेने कलावतींना आर्थिक मदत केली. त्यांच्या घराला ती हवीच होती. पण त्याच गावात, शेजारच्या गावात, घाटंजी तालुक्यात तशाच कितीतरी कलावती होत्या, आणि त्यांची नावे लोकसभेत घेतली गेली नव्हती. आमच्याकडे तेव्हा बायका एकमेकींना म्हणायच्या, ‘तिचं नशीब निघालं.’ त्यात असूया फारशी नव्हती. पडद्यावरची मदत लॉटरीसारखी लागते, हे त्यांना उमगले होते.

१३ ऑगस्ट २०१० रोजी आमिर खान यांच्या संस्थेने काढलेला, अनुषा रिझवी दिग्दर्शित ‘पीपली लाइव्ह’ प्रदर्शित झाला. कर्जात बुडालेला नत्था आत्महत्या करणार अशी बातमी फुटते आणि गावात वाहिन्यांची जत्रा भरते, अशी ती गोष्ट. शहरी प्रेक्षकाला ती माध्यमांची टर उडवणारी वाटली आणि आवडली. विदर्भ जनआंदोलन समितीने मात्र चित्रपटावर बंदी मागितली. समितीचे काम पांढरकवड्याहून, म्हणजे घाटंजीच्या शेजारून चाले. मदतीसाठी कुणी मरत नाही, आणि असे दाखवणे म्हणजे गेलेल्याची चेष्टा, असा त्यांचा आक्षेप. चित्रपट टर उडवत होता ती कॅमेऱ्यांची, पण ज्याच्या घरी कालच पोलिसांचा पंचनामा झाला आहे त्याला ते वेगळे करून पाहता येत नव्हते. एकच गोष्ट दोन प्रेक्षकांना इतकी वेगळी दिसावी, हेच त्या काळाचे लक्षण होते.

दुसऱ्या वर्षी वेगळे घडले. २०११ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या खुर्चीवर यवतमाळ जिल्ह्यातली एक तरुण शेतकरी विधवा बसली. समोर अमिताभ बच्चन होते. तिने नवऱ्याचे जाणे, कर्ज, मुलींचे शिक्षण हे सगळे सांगितले, प्रश्नांची उत्तरे दिली आणि ६ लाख ४० हजार रुपये घेऊन ती उठली. देशभरातले प्रेक्षक हेलावले. इकडे मात्र कौतुकाचा विषय दुसराच होता. तिने ते पैसे मागितले नव्हते, जिंकले होते. तहसीलीतल्या एका लाखासाठी हेलपाटे घालणाऱ्या बायकांना हा फरक कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मे २०१२ मध्ये ‘सत्यमेव जयते’ सुरू झाले आणि प्रेक्षकाच्या हातात काहीतरी देणारा पहिला मोठा कार्यक्रम आला. रविवारी सकाळी ११ वाजता तो स्टार प्लसबरोबर दूरदर्शनवरही दिसे, त्यामुळे केबल नसलेल्या घरांतही पोहोचे. दर भागाच्या शेवटी एखाद्या संस्थेचे नाव सांगितले जाई, प्रेक्षक देणगी पाठवत आणि जमेल तितकीच रक्कम रिलायन्स फाउंडेशन घालत असे. जून २०१२ मधला एक भाग शेतीतल्या विषारी औषधांवर होता आणि जुलैमधला एक पाण्यावर. रडून डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकाला आता एक संदेश पाठवून मन हलके करता येत होते. मदतीचा हा सोपा रस्ता अनेकांनी धरला, आणि काहींनी त्यातल्या सोपेपणावरच बोट ठेवले.

मग आले २०१५. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला. मराठवाड्यात धरणांनी तळ गाठला होता आणि पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०१५ च्याच ऑगस्टमध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी मदत द्यायला सुरुवात केली. बीडपासून सुरू झालेला हा सिलसिला विदर्भातही आला. प्रत्येक घराला १५ हजारांचा धनादेश, तोही बाईच्या हातात. मंचावर भाषणबाजी कमी होती. नाना कधी गप्प असत, कधी गहिवरत, आणि आत्महत्या करू नका, त्याआधी मला हाक मारा, असे शेतकऱ्यांना सांगत. हे सगळे मराठी वृत्तवाहिन्यांनी दाखवले. मकरंद मूळचे मराठवाड्याचे, ग्रामीण भाषेत बोलणारे. ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ या चित्रपटात त्यांनी शेतकऱ्याचेच दुःख उभे केले होते. त्यामुळे हे नट आहेत आणि नाटक करताहेत, असे म्हणायला लोक धजावले नाहीत.

प्रेक्षकांचा प्रतिसाद त्या दोघांनाही अनपेक्षित असावा. आम्हाला पैसे द्यायचे आहेत, कुठे द्यायचे ते सांगा, अशी विचारणा इतकी झाली की सप्टेंबर २०१५ मध्ये ‘नाम फाउंडेशन’ उभे करावे लागले. तेव्हाच्या बातम्यांनुसार खाते उघडल्याच्या पहिल्याच दिवशी सुमारे ८० लाख रुपये जमले आणि दोन आठवड्यांत रक्कम साडेसहा कोटींवर गेली. यात मोठे देणगीदार होते, आणि वाढदिवसाचा खर्च टाळून किंवा एक दिवसाचा पगार काढून देणारेही होते. क्रिकेटपटू अजिंक्य रहाणे यांनी सरकारच्या ‘जलयुक्त शिवार’ योजनेला ५ लाख रुपये दिले. अभिनेते अक्षय कुमार यांनी १८० शेतकरी कुटुंबांना ९० लाख रुपये द्यायचे ठरवले. गावाशी नाळ तुटलेल्या शहरी मराठी माणसाला जणू कुणीतरी परतीचे तिकीट दिले होते.

गावाकडची प्रतिक्रिया इतकी एकसुरी नव्हती. १५ हजारांत काय होते, असे विचारणारे होते. पण ज्या घरात ते आले तिथे मुलीची फी भरली गेली, किराण्याची उधारी मिटली, दिवाळी झाली. सरकारी मदतीत ‘पात्र’ ठरायला महिने लागतात. इथे विचारपूस होती, पण सातबारा कुणाच्या नावावर, हा पहिला प्रश्न नव्हता. अपात्र ठरलेल्या घरांना याचे मोल जास्त होते. दुसरीकडे चळवळीत वाढलेली जुनी माणसे अस्वस्थ होती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या भागाला ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा शिकवली होती. कापसाला भाव मागण्यासाठी रस्त्यावर बसलेल्या माणसाला मंचावर रांगेत उभ्या असलेल्या विधवा पाहून कसेतरी होणे साहजिक होते. शरद जोशी १२ डिसेंबर २०१५ रोजी गेले. ज्या वर्षी मदतीचा हात सर्वांत लांब पोहोचला, त्याच वर्षी घामाचे दाम मागणारा आवाज थांबला. त्या वर्षी राज्यात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२९१ आत्महत्या नोंदल्या गेल्या.

एका धनादेशाने भागत नाही, हे मदत देणाऱ्यांनाही कळत होते. म्हणून पुढची पायरी आली, आणि पात्र या शब्दाचा तिसरा अर्थ पुढे आला, तो म्हणजे नदीचे पात्र. ‘नाम’ने नाल्यांचे खोलीकरण आणि रुंदीकरण हाती घेतले. आमिर खान आणि किरण राव यांचे ‘पाणी फाउंडेशन’ २०१६ मध्ये ‘वॉटर कप’ ही गावांची जलसंधारणाची स्पर्धा घेऊन आले. पहिल्या वर्षी वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे तीनच तालुके होते. दुसऱ्या वर्षी ते ३० झाले आणि २०१८ मध्ये ७५, त्यांत यवतमाळ जिल्ह्यातलेही होते. ‘तुफान आलंया’ हा कार्यक्रम वाहिन्यांवर दिसे आणि गावकरी टिकाव-फावडे घेऊन आपल्याच शिवारात समतल चर खोदताना दिसत. १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला शहरांतून हजारो ‘जलमित्र’ गावांत उतरले. पैसे पाठवणारा प्रेक्षक आता घाम गाळायला आला होता, भले एका दिवसासाठी. आणि पडद्यावरच्या गावाला पहिल्यांदाच हात पसरावा लागत नव्हता. २०१७ च्या स्पर्धेत शेजारच्या वर्धा जिल्ह्यातले काकडदरा हे आर्वी तालुक्यातले छोटे आदिवासी गाव राज्यात पहिले आले, तेव्हा आमच्याकडे जो आनंद झाला तो मदत मिळाल्याचा नव्हता.

पण पडदा सगळे पाहत नाही. त्याच २०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली. बोंडअळीच्या धास्तीने कीटकनाशकांची मिश्रणे फवारली गेली. अंगावर साधा सदरा, तोंडाला फडके, आणि फवारा नाकातोंडात. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. शेकडो बाधित झाले, २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर जिल्ह्यात दगावले, आणि त्यांत घाटंजी तालुक्यातलेही होते. सरकारने मृतांच्या घराला २ लाख रुपये जाहीर केले, विशेष तपास पथक नेमले. कॅमेरे आले आणि गेले. राज्यभर खाते उघडून पैसे गोळा करणारी २०१५ सारखी लाट या वेळी उठली नाही. फवारणीत मेलेला बहुधा दुसऱ्याच्या वावरात मजुरी करणारा होता. त्याच्या नावावर ना सातबारा, ना कर्ज. त्याच्या पाच वर्षे आधी ‘सत्यमेव जयते’ने जेवणाच्या ताटातल्या विषावर भाग केला, तेव्हा प्रेक्षकाला आपल्या पोराबाळांची काळजी वाटली होती. फवारणाऱ्याच्या श्वासातले विष त्या ताटापासून फार दूर होते.

मग या सगळ्यातून उरले काय? पैसा उरला, आणि त्याला कमी लेखता येत नाही. २०१८ मध्ये अमिताभ बच्चन यांनी महाराष्ट्रातल्या साडेतीनशेहून अधिक शेतकऱ्यांची कर्जे फेडल्याचे सांगितले, मग उत्तर प्रदेशातल्या १,३९८ शेतकऱ्यांचे सुमारे ४ कोटी ५ लाखांचे कर्ज भरले. त्यांच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरला, ही छोटी गोष्ट नाही. पण कर्ज वाढवणारे भाव, बियाणे, विमा आणि बँक हे चक्र तसेच फिरत राहिले. ‘फार्म एड’चा इतिहास इथे उपयोगी पडतो. विली नेल्सन आणि त्यांचे साथी गायक जॉन मेलनकँप मैफलीवर थांबले नाहीत. त्यांनी शेतकऱ्यांना अमेरिकन काँग्रेससमोर बोलायला नेले आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांची जमीन जप्तीपासून वाचवण्यासाठी शेती कर्जाचा नवा कायदा झाला. आपल्याकडच्या पडद्यावरून करुणा जमली, पाणी जमले, माणसे जमली. तिथून सभागृहापर्यंत जाणारी वाट मात्र फारशी कुणी तुडवली नाही. प्रेक्षक एका विधवेसाठी रडला. कापसाच्या हमीभावावरची चर्चा लागली की त्याने वाहिनी बदलली.

तरी एक वाट निघाली, आणि ती मदतीच्याच कामातून निघाली. ‘नाम’चे विदर्भातले काम सांभाळणारे वर्ध्याचे नाट्यकर्मी हरीश इथापे गावोगावच्या एकल महिलांना भेटत होते. त्यांनी श्याम पेठकर लिखित ‘तेरवं’ हे नाटक बसवले. त्यात शेतकरी विधवांच्या भूमिका करायला शहरातल्या नट्या आणल्या नाहीत. त्या बायकाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या मरणानंतर ज्यांना कागदोपत्री पात्र ठरवले गेले, वाहिन्यांनी ज्यांना रडवून दाखवले, त्यांनी आता आपले पात्र आपल्या हातात घेतले.

त्यांतल्या एक कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले, राज्यभर वादळ उठले, आणि त्या गोंधळात उद्घाटक म्हणून वैशालीताईंचे नाव आले. हे नाव पुढे करून आयोजकांनी आपली नामुष्की झाकली, अशी टीका झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. मंचावर मंत्री होते, लेखक होते, अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या, समोर वाहिन्यांचे कॅमेरे होते. वैशालीताई वऱ्हाडीत बोलल्या. अडचणीच्या वेळी दिल्लीची बाई कामी येत नाही, गल्लीचीच येते, अशा अर्थाचे बोलून त्यांनी वादाला बगल दिली आणि मग विधवेचे जगणे सांगितले. नवरा मेला तो व्यवस्थेमुळे, पण अशुभ ठरवली जाते ती बाई. तो कमकुवत होता म्हणून गेला, मी लढणार आहे, असा त्या बोलण्याचा रोख होता.

घाटंजीहून एसटीने त्या संमेलनाला जाता येत होते, पण बहुतेकांनी ते घरीच टीव्हीवर पाहिले. त्या दिवशी पडद्यावर कुणी कुणाला धनादेश दिला नाही, खात्याचा क्रमांक सरकला नाही, मंचावर बायकांची रांग लागली नाही. एक कास्तकारीण बोलत होती, आणि मोठमोठी माणसे बसून ऐकत होती.